तडा रोह्याला, ओल पेणला

जुलैमधली दुपार होती. पेणला पावसाने सकाळपासून ठाण मांडलं होतं. फोनवर रोह्याहून एक फोटो आला. काळा पडदा, त्यावर पांढरी बारीक अक्षरं, मधोमध ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अर्धा अंगठा. खाली एवढंच लिहिलेलं, "दादा, परत पडलं."

पडलं होतं ते एका छोट्या कचेरीतलं यंत्र. डब्याएवढा, पंखा नसलेला, लिनक्सवर चालणारा संगणक. एका बाजूने इंटरनेट घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने आतल्या पंधरा-सोळा संगणकांना वाटायचं, एवढंच त्याचं काम. तो मी बसवून दिला होता, म्हणून फोटो माझ्याकडे. पाठवणारे तिथले हेडक्लार्क. सगळी कचेरी त्यांना अण्णा म्हणते, मीही म्हणतो.

अण्णांचं निदान तयार होतं. "लाईट गेली की पडतं." इंटरनेटच्या जोडणीवाल्याचं म्हणणं, डबाच बदला. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, दमट हवेने आतून गंजला असणार. आणि फोटो मोठा करून पाहिल्यावर मी म्हणालो, फायरवॉलचा घोळ दिसतोय. चौघांची चार निदानं, चारही चुकीची. त्यातल्या त्यात सत्याच्या जवळ होते ते अण्णा, आणि तेसुद्धा फक्त एका शब्दाने हुकले होते.

ज्याच्या मागे कोणी नाही

मोबाइलवरचं एखादं अ‍ॅप बंद पडलं तर आपण वैतागतो आणि पुन्हा उघडतो. ते पडल्यावरचं निस्तरायला मागे कोणीतरी असतं. त्याने घेतलेली मेमरी परत घ्यायची, उघड्या फाइली मिटायच्या, बाकीच्या अ‍ॅपना धक्का लागू द्यायचा नाही, ही सगळी कामं करणारा म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेलं लिनक्स म्हणजे मुळात हा गाभाच. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच आहे.

पण खुद्द कर्नल चुकला तर निस्तरणार कोण? त्याच्या मागे कोणी नाही. म्हणून त्याला एक कडक शिस्त लावलेली असते. आपल्या हिशेबात अशक्य असं काही दिसलं की अंदाजाने पुढे रेटायचं नाही. चूक किरकोळ असेल तर ज्या प्रोग्रॅमच्या कामात ती घडली तेवढा मारायचा आणि नोंद ठेवायची. लिनक्सवाले त्याला 'ऊप्स' म्हणतात. चूक गंभीर असेल तर जागच्या जागी थांबायचं. ते 'पॅनिक'.

अण्णांच्या फोटोतली शेवटची ओळ पॅनिकची होती आणि तिच्यात 'नॉट सिंकिंग' असे दोन शब्द होते. त्यांचा अर्थ असा, की डिस्कवर लिहायचं राहिलेलं काही मी आता लिहिणार नाही. वेड लागल्यासारखं वाटतं तेव्हा माणसाने सही करू नये, त्यातलंच हे शहाणपण. मेमरीतला मजकूर बिघडलेला असेल तर तो डिस्कवर उतरवणं म्हणजे बिघाड कायमचा करणं.

विंडोजचा निळा पडदा हा याच जातीचा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अद्ययावत फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. कर्नलच्या पातळीवर चालणारा त्यांचा प्रोग्रॅम एकविसावी नोंद वाचायला गेला, आणि त्याच्या हातात दिलेल्या होत्या वीसच. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चूक एका नोंदीची, पण ती गाभ्यात झालेली.

पेण ते रोहा, आणि पुढे

कर्नलमधला नेटवर्कचा भाग का ठेचकाळतो, हे समजायला आमची रेल्वे बरी. पेणहून सुटलेली गाडी कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला येते. इथवर मध्य रेल्वेचा कारभार. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. रूळ तेच, डबे तेच, प्रवासी जागचे हलतही नाहीत, पण गाडीची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली असते.

इंटरनेटवरून येणाऱ्या माहितीच्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. तारेतून ते नेटवर्क कार्डावर येतं. कार्ड ते मेमरीत उतरवतं आणि प्रोसेसरला हाक मारतं, हातातलं काम टाक आणि आधी हे बघ. या हाकेला 'इंटरप्ट' म्हणतात. मग ड्रायव्हर, म्हणजे कार्डाची भाषा जाणणारा कर्नलचा तुकडा, त्या पॅकेटला एक मोठी चिठ्ठी जोडतो. लिनक्समध्ये या चिठ्ठीचं नाव एसके-बफ. पॅकेट कुठून आलं, किती लांब, मजकूर मेमरीत कुठे ठेवलाय आणि सध्या किती जण ते वापरताहेत, हे सगळं तिच्यावर. ड्रायव्हर चिठ्ठी वरच्या थराकडे देतो, तो त्याच्या वरच्या थराकडे. मधे फायरवॉल तपासणी करते. प्रत्येक थरावर पॅकेटची नक्कल काढत बसलं तर वेळ जाईल, म्हणून मजकूर जागेवरच राहतो आणि चिठ्ठी तेवढी हातोहात फिरते.

हातोहात फिरणाऱ्या वस्तूला एकच नियम असतो. दिली की दिली. गाडी रोह्यापुढे गेल्यावर पेणच्या माणसाने डब्याची कडी काढायला धावायचं नाही.

हा नियम मोडला तर काय होतं? मेमरीचा वापर संपला की ती कर्नलकडे परत जाते आणि दुसऱ्याला दिली जाते. एकच जागा चुकून दोनदा परत केली, तर कर्नलच्या वहीत ती दोनदा रिकामी म्हणून लागते. मग दोघांना दिली जाते. गणपतीच्या गर्दीत एकाच बर्थची दोन तिकिटं निघावीत तसं. दोघांकडेही खरं तिकीट, दोघांचीही काही चूक नाही, आणि भांडण मात्र डब्यात. एकाने तिथे पॅकेट ठेवलं, दुसऱ्याने डिस्कवरच्या फाइलचा हिशेब. जो नंतर लिहील तो आधीच्याचं पुसेल.

त्यात नेटवर्कची आणखी एक गोची आहे. ऊप्समध्ये दोषी प्रोग्रॅम मारून पुढे जाता येतं असं म्हटलं. पण पॅकेटचं काम बहुतेक वेळा इंटरप्टच्या ओघात चालतं. त्या क्षणी ते कोणत्याच प्रोग्रॅमचं नसतं. मारायचं कोणाला? कोणीच नाही, म्हणून सगळं यंत्र थांबतं. अण्णांच्या फोटोतल्या त्याच शेवटच्या ओळीत 'इन इंटरप्ट' हे शब्द होते, ते यामुळे.

फोटो वाचताना

असा पडदा पहिल्यांदा पाहणाऱ्याला पोटात गोळा येतो. पण तो पोलिस पंचनाम्यासारखा असतो. एकदा रकाने कळले की वाचता येतो.

'आरआयपी' या तीन अक्षरांपुढे एका फंक्शनचं नाव असतं. ही श्रद्धांजली नव्हे. प्रोसेसर त्या क्षणी कोणत्या सूचनेवर होता ते सांगणाऱ्या खणाचं हे नाव आहे. फंक्शनच्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि तिरक्या रेघेने तोडलेले दोन आकडे असतात. पहिला आकडा फंक्शनमध्ये किती आत गेल्यावर पाय घसरला ते सांगतो, दुसरा ते फंक्शन एकूण किती लांब ते. एवढ्यावरून मूळ प्रोग्रॅममधली नेमकी ओळ काढता येते.

त्याखाली फंक्शनांची उतरंड. कोणी कोणाला बोलावलं, त्याची. ती खालून वर वाचायची, कारण सगळ्यात ताजं वर असतं.

आणि कुठेतरी मधे 'टेंटेड' असा शब्द, पुढे एक-दोन अक्षरं. टेंटेड म्हणजे बाटलेला. कर्नल आपलं सोवळं मोडल्याची कबुली स्वतःच देतो. 'ओ' हे अक्षर असेल तर कर्नलच्या अधिकृत पसाऱ्याबाहेरचा एखादा तुकडा आत घेतलेला आहे. फोटोत 'ओ' होता. तो माझ्याच हाताने आत आला होता. डब्याला नेटवर्कचं एकच भोक, म्हणून दुसरं मी यूएसबीच्या अडॅप्टरने जोडलं होतं, आणि त्याचा ड्रायव्हर कुठल्याशा पानावरून उतरवून घेतला होता. 'ओ' पाहून मनात पाल चुकचुकली. पण आरआयपीपुढचं फंक्शन फायरवॉलचं होतं, मग मी फायरवॉलच्याच मागे लागलो. माणूस पडलेला दिसतो तिथेच आपण दगड शोधतो.

फोटोचा खरा तोटा वेगळाच होता. पडद्यावर मावतात पंचवीसेक ओळी. पॅनिक होताना शंभरेक ओळी सरकून जातात. आपल्याला दिसतं ते शेपूट. महत्त्वाची असते पहिली तक्रार, कारण पुढच्या तक्रारी बहुतेकदा पहिलीच्या पोटातून आलेल्या असतात.

मी फायरवॉलचे नियम सोपे केले. आठवड्याने दुसरा फोटो आला. या वेळी आरआयपी मेमरी वाटणाऱ्या फंक्शनमध्ये. चार दिवसांनी तिसरा. या वेळी चक्क डिस्कवरच्या फाइलींच्या कामात. नेटवर्कचं नावच नाही!

तिन्ही फोटो शेजारी ठेवून बसलो तेव्हा कळलं, की तीन पुरावे एकमेकांना खोडत नव्हते, एकच गोष्ट सांगत होते. दरवेळी वेगळ्या ठिकाणी पडतं, याचा अर्थ पडण्याच्या जागेला महत्त्व नाही. कोणीतरी आधीच मेमरी बिघडवून ठेवतंय, आणि मग त्या बिघडलेल्या जागेवर ज्याचा पाय पडेल तो पडतोय.

पेणमध्ये वाढलेल्याला हे आधीच सुचायला हवं होतं. पेण, हमरापूर, जोहे इथून गणपतीच्या मूर्ती पेंढ्यात बसवून टेम्पोने गावोगाव जातात. शाडूची एखादी मूर्ती पोटात ओली राहिली, तर इथे ती सुरेख दिसते आणि पोचल्यावर तडकते. तडा दिसतो रोह्याला. ओल राहिलेली असते पेणला. टेम्पोवाल्याशी भांडून काय मिळणार?

मेलेल्याचा जबाब

आधी स्वस्तातली शंका मिटवली. मेमरीची पट्टीच खराब असली तरी असंच होतं. रात्रभर मेमरी तपासणारा प्रोग्रॅम चालवला. पट्टी धडधाकट निघाली.

आता मला शेपूट नको होतं, पूर्ण पंचनामा हवा होता. पण पडलेला कर्नल आपली हकीकत लिहून कशी ठेवणार? त्याचा स्वतःच्या मेमरीवर विश्वास नाही, म्हणून तर तो थांबला. हकीकत नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवायची सोय आहे, पण इथे मोडलंय नेटवर्कच. आजाऱ्यालाच औषध आणायला पाठवण्यातला प्रकार.

यावर लिनक्सची तोड सुरेख आहे, आणि तिच्यात भारतीय हात मोठा आहे. तिचं नाव केडम्प. संगणक सुरू होतानाच मेमरीचा एक कोपरा राखून ठेवायचा आणि त्यात दुसरा, छोटा कर्नल निजवून ठेवायचा. पहिला पडला की प्रोसेसर थेट या दुसऱ्याच्या हवाली करायचा. मधे संगणक बंद होऊन चालू होत नाही, म्हणून जुनी मेमरी जशीच्या तशी शाबूत असते. दुसरा कर्नल राखीव कोपऱ्यातून उठतो, बाकीच्या मेमरीकडे प्रेताकडे पाहावं तसं पाहतो, तिची नक्कल फाइलमध्ये उतरवतो आणि मग यंत्र नीट सुरू करतो. एका कर्नलमधून दुसऱ्यात थेट उडी मारण्याची मूळ युक्ती एरिक बीडरमन यांची. तिच्यावर केडम्प उभारण्यात बंगळुरूतल्या आयबीएममधले विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लितीर्थ हे पुढे होते. २००५ मध्ये ओटावाच्या लिनक्स परिषदेत या तिघांनी ती मांडली आणि त्याच वर्षी २.६.१३ या आवृत्तीत ती लिनक्समध्ये आली. आज बँकांपासून टेलिफोन कंपन्यांपर्यंत कुठेही लिनक्सचा सर्व्हर पडला, की पहिला प्रश्न असतो, डम्प मिळाला का?

रोह्याच्या डब्यात २५६ मेगाबाइटचा कोपरा राखला आणि वाट पाहिली. यंत्र पडण्याची इतक्या आतुरतेने वाट मी कधी पाहिली नव्हती. पाचव्या दिवशी पडलं. डम्पची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन रोह्याहून पेणला येणाऱ्या गाडीत बसलो.

फाइलीत पहिली तक्रार होती, सेकंदाच्या हिशेबाने वेळेसकट. शिवाय एक छोटा आकडा होता, त्याकडे लक्ष जायला थोडा वेळ लागला. ड्रायव्हरकडून आलेली पॅकेटं वरच्या थराला लगेच घेता आली नाहीत तर ती एका रांगेत उभी राहतात. रांगेची मर्यादा नेहमीच्या मांडणीत १,०००. रांग भरली की पुढची पॅकेटं टाकून द्यायची आणि किती टाकली ते मोजायचं. हा मोजणारा आकडा एरवी शून्य असतो. इथे शून्य नव्हता.

वेळ हातात आली तसा मी अण्णांना फोन लावला. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या काळजीने अण्णा एक वही ठेवतात, हे मला ठाऊक होतं. दोन रकाने: 'गेली' आणि 'आली'.

"अण्णा, मंगळवारी लाईट कधी गेली होती?"

"एक चाळीसला गेली, दोन पंचवीसला आली."

डम्पमधली वेळ होती दोन वाजून एकतीस मिनिटं. आधीच्या तीन फोटोंच्या वेळाही पडताळल्या. एकदाही लाईट गेल्यावर पडलं नव्हतं. दरवेळी लाईट आल्यानंतर चार ते आठ मिनिटांत पडलं होतं. डबा इन्व्हर्टरवर होता. लाईट जाण्याने त्याला काहीच फरक पडत नव्हता. पण लाईट आली की कचेरीतले पंधरा-सोळा संगणक एकदम सुरू व्हायचे, आणि सगळे एकाच वेळी आपापले अपडेट आणि टपाल मागायचे. पॅकेटांचा लोंढा यायचा, छोट्या डब्याची रांग भरायची. अण्णांचं निदान बरोबर होतं, फक्त 'गेली'च्या जागी 'आली' हवं होतं.

सहा-बी आणि सहा-ए

रांग भरणं हा गुन्हा नाही. ती भरली की काय होतं, ते पाहायचं होतं. त्यासाठी कर्नलमध्ये विष कालवण्याची सोय आहे. तिला म्हणतातच पॉयझनिंग. मेमरीचा तुकडा परत आला की कर्नल त्याच्या प्रत्येक बाइटमध्ये '६बी' हा ठरलेला आकडा भरून ठेवतो, आणि तुकडा पुढच्याला देण्याआधी तपासतो, की सगळीकडे ६बीच आहे ना. रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर पीठ भुरभुरावं आणि सकाळी पावलं उमटलीत का पाहावं, तसं. यंत्र मंदावतं, पण चोर सापडतो.

पुढच्या वेळी लाईट येऊन गेल्यावर नोंदींमध्ये ठसा उमटलेला होता. पॅकेटच्या चिठ्ठीची परत आलेली जागा, तीत ६बी, ६बी, ६बी अशा ओळीच्या ओळी, आणि एकाच ठिकाणी ६ए. एकाने कमी.

हा 'एकाने कमी' फार बोलका आहे. वर म्हटलं, की चिठ्ठीवर एक आकडा असतो, सध्या किती जण हे पॅकेट वापरताहेत त्याचा. काम झालं की प्रत्येकाने तो एकाने कमी करायचा, आणि शेवटच्याने जागा परत करायची. ६ए उमटला होता तो नेमका त्याच आकड्याच्या जागी. म्हणजे पॅकेट परत जाऊन त्या जागेत विष भरल्यानंतर कोणीतरी आलं, "माझं काम झालं" म्हणालं आणि एक वजा करून गेलं. विष नसताना या जागी जुना 'एक' तसाच राहायचा. तो पाहून हा उशिरा आलेला माणूस स्वतःला शेवटचा समजायचा आणि जागा दुसऱ्यांदा परत करायचा. एका बर्थची दोन तिकिटं निघत होती ती इथे.

जागा पहिल्यांदा कोणी परत केली, हे नोंदीतच होतं: भरलेल्या रांगेने. चिठ्ठी मुळात कोणी तयार केली, तेही होतं: यूएसबी अडॅप्टरच्या ड्रायव्हरने. मग ड्रायव्हरचा प्रोग्रॅम उघडला. पॅकेट वरच्या थराला देण्यासाठी नेटिफ-आरएक्स नावाचं फंक्शन असतं. ते परत येताना उत्तर देतं, घेतलं किंवा टाकलं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. उत्तर 'टाकलं' असं आलं, तर पॅकेट मोकळं कर.

वाचायला किती सरळ! त्यांनी घेतलं नाही, म्हणजे ते माझ्याकडेच राहिलं, म्हणजे त्याची विल्हेवाट मी लावायची. भल्या माणसाचा विचार. फक्त कर्नलची रीत तशी नाही. नेटिफ-आरएक्सच्या हाती दिलं की दिलं. ते ठेवो वा टाको, विल्हेवाट त्याचीच. रोह्याला यार्ड भरलं म्हणून वॅगन आपोआप पेणच्या मालकीची होत नाही.

या दोन ओळी एरवी कधी चालतच नसत. रांग भरली तरच त्यांची पाळी यायची. म्हणून वर्षभर डबा सुरळीत चालला आणि पावसाळ्यात, लाईट ये-जा करू लागल्यावर, पडायला लागला.

संशय खरा ठरवायला एक सोपी चाचणी उरली होती. रांगेची मर्यादा बदलता येते. हजाराची मी दहा केली आणि एक मोठी फाइल उतरवायला लावली. ना पाऊस, ना लाईटचा प्रश्न. डबा दोन मिनिटांत पडला. मग त्या दोन ओळी खोडल्या, ड्रायव्हर नव्याने बांधला आणि मर्यादा दहाच ठेवून फाइल पुन्हा मागवली. पॅकेटं टाकली गेली, फाइल रडतखडत आली, पण डबा उभा राहिला. बिघाड हवा तेव्हा घडवता आला आणि हवा तेव्हा थांबवता आला, तरच निदान झालं म्हणायचं. त्याआधी असतो तो अंदाज.

मोठ्यांच्या घरीही

हे आडबाजूच्या ड्रायव्हरचं झालं, असं वाटेल. पण जानेवारी २०२१ मध्ये खुद्द लिनक्सच्या अधिकृत पसाऱ्यात, मोटारींमध्ये वापरल्या जाणाऱ्या कॅन नेटवर्कच्या कोडमध्ये, तीन ठिकाणी सख्खं भावंड शोभेल अशी चूक दुरुस्त झाली. पॅकेट वरच्या थराला देऊन झाल्यावर, हिशेबासाठी म्हणून, त्याच पॅकेटची लांबी वाचली जात होती. दुरुस्ती अशी, की लांबी आधी वाचून ठेवा, मग द्या.

चूक करणारी जागा आणि पडणारी जागा किती दूर असू शकतात, याचा मासलेवाईक नमुना जून २०१९ मधला. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी शोधलेला हा दोष 'सॅक पॅनिक' म्हणून ओळखला जातो. जगाच्या पाठीवरून कोणीही ठरावीक पॅकेटं पाठवून समोरचा लिनक्स सर्व्हर पाडू शकत होता.

त्यातला हिशेब पाटीवर मांडता येतो. पाठवलेली, पण पोच न आलेली माहिती कर्नल सांभाळून ठेवतो, आणि जागा वाचवायला शेजारशेजारच्या चिठ्ठ्या एकत्र करतो. एका चिठ्ठीला मजकुराचे जास्तीत जास्त १७ तुकडे, एकेक ३२ किलोबाइटपर्यंत. या मजकुराची किती पॅकेटं होतात, हे ज्या खणात मोजलं जातं तो १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. एरवी पॅकेट हजार-दीड हजार बाइटचं असतं, त्यामुळे खण अर्धाही भरत नाही. पण समोरचा म्हणाला, की मी फार लहान पॅकेटं घेतो, अगदी ४८ बाइटांची, आणि त्यातले ४० शीर्षकातल्या जादा नोंदींनी खाल्ले, तर मजकुराला उरतात ८. आता १७ गुणिले ३२ गुणिले १,०२४ भागिले ८. उत्तर ६९,६३२. खण ओसंडतो आणि मोजणी ४,०९६ वर येते. पुढे भलत्याच फंक्शनमध्ये एक पहारेकरी उभा असतो. त्याला हा हिशेब जुळत नाही आणि तो नियमाप्रमाणे सगळं थांबवतो. हा दोष २००९ च्या २.६.२९ आवृत्तीपासून होता. दहा वर्षं जगभरातल्या सर्व्हरांत निवांत पडून होता, कारण आठ-आठ बाइटांची मागणी कोणी केलीच नव्हती.

त्याआधीचा १९९६ चा 'पिंग ऑफ डेथ' याच आकड्याने गाजला. आयपी पॅकेट ६५,५३५ बाइटांहून मोठं असू शकत नाही, असं नियम सांगतो. पण पॅकेट तुकड्यांत पाठवलं तर शेवटचा तुकडा ६५,५२८ व्या बाइटपासून सुरू करता येतो, आणि तो सात बाइटांहून लांब असला तर जोडलेलं पॅकेट नियमाबाहेर जातं. जोडणाऱ्या कोडने ही बेरीज तपासलीच नव्हती. तेव्हाच्या विंडोज, मॅक आणि युनिक्स जातीच्या कितीतरी यंत्रांनी त्यापुढे मान टाकली.

रोह्याचा ड्रायव्हर, सॅक पॅनिक आणि पिंग ऑफ डेथ, तिन्ही गोष्टींत कोड नेहमीच्या दिवशी बरोबर होता. चुकला तो लोंढ्याच्या दिवशी, टोकाच्या आकड्याला, कोणी सहसा जात नाही अशा फांदीवर.

तिसरा रकाना

नवा ड्रायव्हर बसवून आलो. दोष अडॅप्टरचा नव्हता, त्या दोन ओळींचा होता, म्हणून तोच अडॅप्टर पुढे चालू ठेवला. अण्णांना मात्र तो बदलायचा होता. त्यांच्या दृष्टीने ज्याच्यापायी महिनाभर मनस्ताप झाला ती वस्तू डोळ्यांसमोर नको.

ऑगस्टच्या शेवटी, गणपतींच्या आधी, सहज कचेरीत डोकावलो. अण्णांनी वही पुढे केली. 'गेली' आणि 'आली' यांच्या शेजारी त्यांनी पट्टीने रेघ मारून तिसरा रकाना आखला होता: 'पडलं का?' महिनाभरात लाईट अकरा वेळा गेली होती आणि अकरा वेळा आली होती. तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत अण्णांच्या वळणदार अक्षरात 'नाही', 'नाही', 'नाही'.

"आता हा रकाना काढून टाकू ना?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या, अण्णा," मी म्हटलं. "पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी राहू द्या."